तिरुवन्नामलाई आणि रमणाश्रम: पहिल्यांदा जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतलं कुणी ना कुणी दर महिन्याला हेच प्रश्न विचारतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. टूर कंपन्यांच्या पानावर मिळतं ते इथे परत लिहीत नाही, जे तिथे मिळत नाही तेच जास्त लिहिलंय.

हे गाव नेमकं कुठे आहे आणि तिथे आहे काय?

तमिळनाडूत, चेन्नईपासून साधारण १९० किलोमीटर, बंगळूरपासून दोनशेच्या आसपास, पाँडिचेरीपासून शंभरेक. गावाच्या मधोमध म्हणावा असा अरुणाचल नावाचा डोंगर, उंची आठशे मीटरच्या जरा वर. पायथ्याला अरुणाचलेश्वराचं प्रचंड देऊळ आणि गावाबाहेर चेंगम रोडवर रमण महर्षींचा आश्रम. आता गाव वाढत वाढत आश्रमाच्याही पुढे गेलंय त्यामुळे "गावाबाहेर" हे नुसतं म्हणायचं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, की इथे मूळ देव म्हणजे तो डोंगरच. पंचमहाभूतांच्या पाच शिवस्थानांपैकी हे अग्नीचं. स्वतः रमण महर्षी त्या डोंगरालाच गुरु मानायचे, त्यामुळे आश्रम बघितला, समाधीला हात जोडले आणि डोंगराकडे पाठ करून गाडीत बसलो असं करू नका.

रमण महर्षींबद्दल फारसं माहीत नाही, थोडक्यात सांगा ना.

जन्म ३० डिसेंबर १८७९, तिरुचुळी गावात, घरचं नाव वेंकटरामन. वडील गेल्यावर मदुराईला काकांकडे राहायला आले. १८९६ च्या जुलैत, वय सोळा, तब्येत ठणठणीत, आणि एके दिवशी अचानक मरणाची जबरदस्त भीती वाटली. पळून न जाता हा मुलगा जमिनीवर प्रेतासारखा आडवा पडला आणि मनाशी म्हणाला की देह मेला असं धरलं तर मग "मी" कोण उरतो. तिथून सगळं बदललं. पुढे सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, घर सोडलं. भावाने कॉलेजची फी भरायला पाच रुपये दिले होते, त्यातले तीन घेतले आणि दोन चिठ्ठीसोबत तसेच ठेवले. वाटेत पैसे संपले तेव्हा कानातल्या सोन्याच्या बाळ्या चार रुपयांना गहाण टाकल्या. १ सप्टेंबर १८९६ ला तिरुवन्नामलाईला पोचले आणि नंतर चौपन्न वर्षं, १४ एप्रिल १९५० ला देह ठेवेपर्यंत, हा डोंगर सोडून कुठेही गेले नाहीत. दौरे नाहीत, शिष्य करून घेणं नाही, परदेश तर लांबच. "मी कोण?" हा प्रश्न स्वतःला विचारत राहा, एवढाच गाभा. बाकी भाजी चिरणं, पहाटे स्वयंपाकघरात चटण्या वाटणं, पंगतीत आपल्या पानात इतरांपेक्षा जास्त वाढलं तर चिडणं, असे त्यांचे किस्से आश्रमात भरपूर ऐकायला मिळतात आणि मला विचाराल तर तत्त्वज्ञानापेक्षा त्या किश्शांतूनच माणूस जास्त कळतो.

आत्ता तिथे गादीवर कोण आहे? दीक्षा मिळते का?

नाही. कुणी गुरु नाही, दीक्षा नाही, कानमंत्र नाही, कोर्स नाही, शिबिर नाही. अध्यक्षपद महर्षींच्या धाकट्या भावाच्या वंशात चालत आलंय, पण ते व्यवस्थापन बघतात, गुरु म्हणून बसत नाहीत. विपश्यनेसारखं कुणीतरी शिकवेल, वेळापत्रक देईल, मौन पाळायला लावेल अशा अपेक्षेने गेलात तर दुसऱ्या दिवशी दुपारी "आता करायचं काय" असं होणार हे नक्की. महर्षी जिथे बसायचे त्या जुन्या हॉलमध्ये जाऊन बसायचं, बस. भिंतीशी जागा मिळाली तर उत्तम.

गावात मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी सत्संग घेणाऱ्यांचं पेव फुटतं, देशी-परदेशी सगळे. पोस्टर लागतात. त्यांचा आश्रमाशी काही संबंध नसतो. आवडलं तर बसा, पण पाकीट काढायच्या आधी दोनदा विचार करा.

महाराष्ट्रातून जायचं कसं?

सगळ्यात सोपं म्हणजे दादर–पुदुच्चेरी एक्स्प्रेस, ती पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत काटपाडीवरून थेट तिरुवन्नामलाई स्टेशनवर थांबते. रोज नाही, आठवड्यातले ठरावीकच दिवस, आणि दोन रात्री गाडीत जातात. उतरायची वेळ अवेळी येते, म्हणून लॉजवाल्याला आधी फोन करून ठेवा नाहीतर प्लॅटफॉर्मवर उजाडेपर्यंत बसावं लागेल. डबा घरून न्या हे वेगळं सांगायला नको.

घाई असेल तर चेन्नई किंवा बंगळूरला विमानाने आणि पुढे बस नाहीतर टॅक्सी. चेन्नईहून बस आता किलांबाक्कमच्या नव्या स्टँडवरून सुटतात, जुन्या कोयंबेडूला जाऊन उभे राहू नका. तिंडिवनम आणि जिंजीवरून रस्ता येतो, चार-पाच तास धरा. बंगळूरहून होसूर, कृष्णगिरी, चेंगम असं येतं. सरकारी बस स्वस्त आणि भरपूर, पण बोर्ड तमिळमध्ये असतात तेव्हा कंडक्टरला "तिरुवन्नामलाई?" एवढं विचारून चढा.

आश्रमात राहायला खोली मिळते का? शेगावसारखं आहे का?

शेगावच्या भक्तनिवासाचा हिशोब डोक्यात ठेवून जाऊ नका. तिथे जाऊन रांगेत उभं राहिलं आणि खोली मिळाली असं इथे होत नाही. आश्रमाच्या वेबसाइटवरून आधी विनंती पाठवायची, दोन-तीन महिने आधी पाठवलेली बरी, सीझनसाठी त्याहून आधी. होकार आला तरच सामान घेऊन जायचं. दिवसही मोजकेच देतात कारण मागणारे खूप. खोलीचं भाडं असं काही नाही, जाताना ऑफिसात जी देणगी द्यायची ती तुमच्या मनाने. कुणी मागत नाही, कुणी टोमणे मारत नाही. आणि म्हणूनच फुकट राहणाऱ्यांनी जरा लाज ठेवून द्यावं असं माझं मत आहे.

नाही मिळाली तर काही बिघडत नाही. आश्रमाभोवतीच्या रमण नगर भागात लॉज, होमस्टे, महिन्याने भाड्याच्या खोल्या चिक्कार आहेत. शेजारी महर्षींच्याच काळातले संत शेषाद्री स्वामी यांचा आश्रम आहे, थोडं पुढे योगी रामसूरतकुमार या नंतरच्या काळातल्या संतांचा, तिथेही राहायची सोय असते, आधी विचारून घ्या. देवळाजवळ राहिलात तर बाजार जवळ पण आवाज खूप. शांतता हवी तर आश्रमाच्याच बाजूला राहा.

आश्रमातला दिवस कसा असतो?

सकाळी सातच्या सुमारास नाश्ता, आठला वेदपठण आणि मग समाधीपाशी पूजा. साडेदहा-अकराच्या दरम्यान गेटपाशी साधू आणि गरिबांना जेवण वाढतात, ही पद्धत रोजची आहे आणि आधी ते जेवतात मग आपण, हे बघायला आवडतं. साडेअकराला जेवण, हो साडेअकरालाच, आपल्यासारखं दीड-दोनला नाही. दुपारी आश्रम काही वेळ बंद. चारला चहा किंवा दूध. पाचला परत वेदपठण आणि पूजा, साडेसहाच्या सुमारास तमिळ पारायण, साडेसातला रात्रीचं जेवण. वेळा इकडेतिकडे होतात, ऑफिसबाहेरचा बोर्ड बघा.

तमिळ पारायण चुकवू नका. एक अक्षर कळणार नाही तरी बसा. रोज बसणारे म्हातारे लोक पुस्तक न बघता एका सुरात म्हणतात.

बाहेर राहणाऱ्यांना आश्रमात जेवायचं असेल तर सकाळीच ऑफिसात विचारायचं, परस्पर पंगतीत जाऊन बसायचं नाही.

जेवणाचं काय? पोळी मिळेल का?

जमिनीवर बसून पानावर भात, सांबार, भाजी, रसम, ताक. वाढणारे सुसाट येतात, तुम्ही "थोडंसं" म्हणेपर्यंत डोंगर झालेला असतो. हाताचा पंजा पानावर आडवा धरा आणि "पोदुम" म्हणा, पुरे. पानात टाकायचं नाही, तिथे ते खरंच वाईट दिसतं.

पोळी-भाजीचं विसरा. बाहेर हॉटेलात चपाती म्हणून जे मिळतं त्याने मनाचं समाधान होत नाही. त्यापेक्षा सकाळी पोंगल, वडा आणि फिल्टर कॉफी, रात्री पोडी दोसा, असं चार दिवस आनंदाने काढता येतं. परदेशी लोकांमुळे रमण नगरात पास्ता आणि स्मूदीवाले कॅफे पण झालेत, भाव मुंबईसारखे. उपासाचं साबुदाणा वगैरे सोबत न्या, तिथे फळांवर भागवावं लागेल.

गिरिवलम म्हणजे काय? किती चालायचं?

डोंगराला प्रदक्षिणा, १४ किलोमीटर, पूर्ण डांबरी रस्ता, बाजूने फुटपाथ. श्रावणात तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी केली असेल तर अंदाज येईल, फक्त ही त्याहून छोटी, सपाट आणि चिखलाशिवायची. चार ते पाच तास धरा. अनवाणी करायची पद्धत आहे. नसेल झेपत तर चप्पल घाला, पण मग निदान डांबर तापायच्या आत संपवा.

महर्षी सांगायचे की प्रदक्षिणा कशी करावी, तर नऊ महिन्यांची गरोदर राणी चालेल तशी, सावकाश. इथे आपले लोक स्मार्टवॉच लावून अडीच तासांत संपवतात आणि ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतात, असो. डोंगर उजव्या हाताला ठेवून रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचं, डोंगराकडची बाजू सिद्ध आणि देवांसाठी मोकळी सोडायची असं मानतात.

वाटेत आठ दिशांची आठ लिंगं लागतात, इंद्र, अग्नी, यम, निरुती, वरुण, वायू, कुबेर आणि ईशान्य. प्रत्येकाचं छोटं देऊळ. पलीकडच्या बाजूला आदी अण्णामलाईचं जुनं देऊळ आहे, तिथे बहुतेक लोक बाहेरूनच नमस्कार करून पुढे जातात आणि चुकतात, कारण आतला शांतपणा गावातल्या मोठ्या देवळात मिळायचा नाही. कुबेर लिंगाच्या पुढे इडुक्कु पिळ्ळैयार म्हणून एक गंमत आहे, अरुंद भोकातून आडवं होऊन सरपटत बाहेर यायचं. पोट सुटलेल्यांनी आधी पुढच्याचं काय होतंय ते बघून ठरवा.

पूर्वी डोंगराच्या अगदी कडेने जंगलातून आतली वाट होती, जुनी मंडळी तिचं फार कौतुक करतात, पण आता वनखातं तिथून सहसा जाऊ देत नाही. कुणी पोरगा "मी नेतो" म्हणाला तरी जाऊ नका.

पौर्णिमेलाच गिरिवलम करावी का?

पहिल्यांदा जात असाल तर माझं स्पष्ट उत्तर, नको. पौर्णिमेला लाखांनी लोक येतात, तमिळनाडूबरोबर आंध्र आणि तेलंगणातूनही, जादा बस सोडतात, रस्त्यावर गाड्या बंद, लॉजचे भाव दुप्पट-तिप्पट, आणि रात्रभर माणसांच्या लोंढ्यातून चालताना डोंगराकडे मान वर करून बघायलाही जागा नसते. ज्याला गर्दीतच देव भेटतो त्याने जरूर जावं, वारीत चालणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पण ज्याला डोंगर बघायचाय त्याने कुठल्याही साध्या वारी पहाटे चारला निघावं. आठला परत येऊन नाश्ता करता येतो.

आणि कार्तिक दीपम?

तमिळ कार्तिकात, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात, दहा दिवसांचा उत्सव. दहाव्या दिवशी पहाटे देवळात भरणी दीपम आणि संध्याकाळी सहाला डोंगराच्या माथ्यावर महादीप. वर भली मोठी कढई, हजारो किलो तूप, शेकडो मीटर कापडाची वात. तो दीप पुढे कित्येक रात्री जळत राहतो आणि लांबच्या गावांतून दिसतो. आयुष्यात एकदा बघावा असा सोहळा आहे यात वाद नाही, पण राहायची सोय काही महिने आधी पक्की नसेल तर जाऊ नका. दुसरी आयडिया अशी की मुख्य दिवस टाळून दोन-तीन दिवसांनी पोचायचं, दीप माथ्यावर जळतच असतो आणि गर्दी ओसरलेली असते.

डिसेंबर २०२४ मध्ये फेंगल चक्रीवादळाच्या पावसात डोंगराच्या उतारावरून दरड कोसळून घरं गाडली गेली आणि सात जणांचा जीव गेला, त्यानंतर त्या वर्षीच्या दीपमला लोकांना डोंगर चढू दिला नाही. तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबर, तिकडचा पाऊस तेव्हाच असतो, हवामानाच्या बातम्या बघून निघा.

डोंगरावर चढता येतं का?

अर्ध्यापर्यंत, हो. आश्रमाच्या मागच्या दारातून दगडी पायवाट निघते, पाऊण-एक तासात स्कंदाश्रम. महर्षी १९१६ ते १९२२ तिथे राहिले, त्यांच्या आई तिथेच त्यांच्याकडे राहायला होत्या आणि १९२२ मध्ये तिथेच गेल्या. त्याच्या थोडं खाली विरूपाक्ष गुहा, तिथे ते १८९९ पासून सतरा वर्षं होते. गुहेत आत बसा, दार लोटलेलं असतं, उकडतं, पण पाच मिनिटांत बाहेर येऊ नका. स्कंदाश्रमाच्या वाटेवरून खाली अख्खं देऊळ नकाशासारखं दिसतं, चारही बाजूंची गोपुरं, फोटो तिथूनच काढतात सगळे.

सकाळी आठ-नऊला निघा, पाणी सोबत ठेवा, आणि खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका कारण माकडं. माथ्यावर जायला परवानगी लागते आणि सहसा मिळत नाही.

मोठ्या देवळात काय बघायचं?

नऊ-दहा हेक्टरचं आवार आहे, त्यामुळे दोन तास हवेत. पूर्वेचं राजगोपुर ११ मजली, ६६ मीटर, कृष्णदेवरायांच्या काळात काम सुरू झालं. आत शिरल्यावर उजव्या हाताला हजारखांबी मंडप आणि त्याच्यात खाली पाताळलिंग. सोळा वर्षांचे महर्षी आल्यावर काही आठवडे या तळघरात बसून होते, किडे-मुंग्यांनी मांड्या खाल्ल्या तरी भान नव्हतं, शेवटी शेषाद्री स्वामी आणि इतरांमुळे त्यांना उचलून बाहेर आणलं गेलं. लोक गाभाऱ्याच्या लायनीकडे धावतात आणि हे बघतच नाहीत.

दुपारी देऊळ बंद असतं. गाभाऱ्यात अक्षरशः घाम निघतो, अग्नीचं स्थान आहे म्हणून असं भक्त म्हणतात. बाहेर "स्पेशल दर्शन करून देतो" म्हणून मागे लागणारे भेटतील, त्यांना "वेण्डाम" म्हणून पुढे चला. तिकीट अधिकृत खिडकीवरच घ्या.

आश्रमात प्राण्यांच्या समाध्या आहेत हे खरं का?

खरं. लक्ष्मी गाय, वल्ली हरीण, जॅकी कुत्रा आणि एक कावळा, ओळीने. लक्ष्मी १८ जून १९४८ ला गेली, त्या सकाळी महर्षी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. लहान मुलांना घेऊन गेलात तर त्यांना समाधी हॉलपेक्षा हे जास्त आवडतं, आणि मोर. मोर आवारात कोंबड्यांसारखे फिरतात आणि ऐन ध्यानाच्या वेळी छपरावर बसून ओरडतात.

कपडे, फोन, फोटो?

पांढरे कपडे लागतात वगैरे काही नियम नाही, खांदे-गुडघे झाकलेले, सुती, सैल. समाधी हॉल आणि जुन्या हॉलमध्ये फोटो नाहीत, फोन बंद. व्हिडिओ कॉल करून घरच्यांना दर्शन द्यायची आपल्याकडची सवय इथे आवरा.

आई-बाबांना, गुडघेदुखी असणाऱ्यांना नेता येईल का?

आरामात. आश्रमाचं आवार सपाट आहे, हॉलमध्ये खुर्चीवर बसता येतं. गिरिवलम रिक्षाने होते, प्रत्येक लिंगापाशी थांबवतो, भाडं बसायच्या आधी ठरवा. स्कंदाश्रम मात्र त्यांना जमायचं नाही, पायऱ्या ओबडधोबड आहेत. एप्रिल-मेमध्ये नेऊ नका, चाळिशीच्या घरात पारा जातो आणि तापलेला दगड रात्रभर धग सोडतो. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात छान.

भाषेचं कसं? हिंदी चालते?

आश्रमात इंग्रजी चालते, ऑफिसात कधी हिंदीही. रिक्षावाले आणि बाजारात हिंदीचा फार उपयोग नाही, आणि "हिंदी का येत नाही" असा सूर लावलात तर अजिबातच नाही. "एव्वळवु" म्हणजे किती, "तण्णी" म्हणजे पाणी, हातवारे, झालं काम.

रस्त्यावरच्या साधूंना पैसे द्यावे का?

गिरिवलमच्या रस्त्यावर भगव्या कपड्यातली शेकडो माणसं बसलेली असतात, त्यात खरे साधू आहेत, म्हातारपणी घरातून बाहेर काढलेले आहेत, आणि धंदा करणारेही आहेत. बघून कळत नाही. रोख देण्यापेक्षा जेवण किंवा केळी द्या, किंवा आश्रमाच्या अन्नदानात द्या. "तुझ्यावर करणी आहे" म्हणून हात पकडणारा भेटला तर हात सोडवून चालू लागा.

निसर्गदत्त महाराज वाचणारे लोक इथे का जातात?

मुंबईत खेतवाडीच्या माळ्यावर बसून महाराज जे सांगायचे तेही "मी आहे" या जाणिवेपासूनच सुरू होतं, त्यामुळे वाचकवर्ग एकच. सत्तरच्या दशकात कितीतरी परदेशी साधक तिरुवन्नामलाई आणि मुंबई असे दोन्हीकडे जायचे. महाराजांची संभाषणं इंग्रजीत नेणारे मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनियर त्याआधी महर्षींच्या सहवासात राहिलेले. परंपरा मात्र वेगळ्या, महाराज नवनाथ संप्रदायातले, महर्षींना देहधारी गुरुच नव्हता.

किती दिवस काढावेत? तिरुपती-कांची-पाँडिचेरीच्या टूरमध्ये बसेल का?

बसवतात लोक. सकाळी बसमधून उतरायचं, देऊळ, आश्रमात वीस मिनिटं, जेवण, पाँडिचेरी. त्यापेक्षा न गेलेलं बरं असं मी तोंडावर सांगतो. निदान तीन रात्री ठेवा. पहिला दिवस प्रवासाच्या शिणात जातो, दुसऱ्या दिवशी सगळं बघून होतं, आणि तिसऱ्या दिवशी करायला काही उरत नाही तेव्हा माणूस हॉलमध्ये जरा नीट बसतो.

जवळपास अजून काय बघण्यासारखं?

मराठी माणसाने जिंजी न बघता परत येणं म्हणजे कमाल आहे. जेमतेम चाळीस किलोमीटर, चेन्नई-तिंडिवनमकडे जाणारी कुठलीही बस सोडते, तासाभरात पोचता. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेला किल्ला. १६८९ मध्ये रायगड पडायच्या सुमारास राजाराम महाराज वेषांतर करून इथे पोचले आणि जवळजवळ आठ वर्षं स्वराज्याचा कारभार इथून चालला, मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा १६९८ पर्यंत चालला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यात महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. किल्ल्याचा राजगिरी डोंगर चढायला दमछाक होते, सकाळी लवकर जा, टोपी आणि पाणी न्या, वर सावली नाही. खाली कल्याण महाल आणि धान्याची कोठारं आहेत, ती उतरल्यावर बघा. अर्धा दिवस पुरतो, संध्याकाळच्या पारायणाला परत आश्रमात येता येतं.